सिंह बघायला निघालो, देवाला सांगून

मंडळी, आज गंमतच झाली. आम्ही दोघं नवरा-बायको निवृत्त शिक्षक. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर तिकिटं काढून नेपाळचे डोंगर चढून आलो, आता उद्या केनियात सफारीला निघालोय.

कोकणातल्या रीतीप्रमाणे, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायला देवळात गेलो. गुरवांनी नारळ हातात घेऊन विचारलं, "बाई, कशाला जाताय म्हणून सांगू?"

"सिंह बघायला."

ते हसले. मग यांच्याकडे बघून त्यांनी नारळ देवापुढे धरला. यांच्या हृदयाचं ऑपरेशन त्यांना ठाऊक आहे.

"म्हाराजा, दोघं जातायत, दोघांनाही परत आण!"

"व्हय म्हाराजा," म्हणताना यांचा आवाज कापला.

मुंबईच्या आमच्या मुलांनाही हीच भीती वाटते. ती फोनवर म्हणतात, "जाऊ नका."

काळजी दोन्हीकडे तीच. मग मुलांच्या काळजीनं राग येतो आणि गाऱ्हाण्यातल्या काळजीनं रडू, असं का हो?