नेपल्सचे पत्ते आणि जोडीदाराची खूण

रेवदंड्याच्या नजमुद्दीनने आगबोटीवर खलाशी होऊन अर्धं जग पाहिलं, पण गावात कुणी विचारलं तर तो सांगायचा फक्त खेळांबद्दल. झांझिबारची माणसं लाकडी फळीच्या खळग्यांत बिया टाकत दिवस कसा घालवतात, जपानात फुलांची चित्रं काढलेले इवलेसे पत्ते कसे असतात. मोठमोठे पूल आणि इमारती गेल्या खड्ड्यात. ज्या बंदरात उतरावं तिथली माणसं काय खेळतात हे पाहिल्याशिवाय या गृहस्थाला अन्न गोड लागत नसे.

बरोबर कायम वहाब. एकाच आळीतले, एकाच बोटीवर लागलेले, एका ताटात जेवलेले.

एकोणीसशे अठ्ठावीस साली बोट दुरुस्तीसाठी इटलीत नेपल्सला अडकली. धक्क्यावर जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने दोघांना आपल्या डावात बसवलं. भाषेचा गंध नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. पत्ते चाळीसच. बदाम-इस्पिक नाहीत, तर मोहरा, पेले, तलवारी आणि सोटे. राणी नाहीच, तिच्या जागी घोडेस्वार. आणि तिर्री चक्क राजाला मारते! आपल्याकडे जिला कुत्रं विचारत नाही, ती तिर्री! नजमुद्दीन मांडीवर थाप मारून हसला.

खरी गंमत पुढेच होती. चौघांच्या दोन जोड्या, आणि जोडीदाराला तोंडाने खुणा करायची मुभा. आपल्याकडे याला लबाडी म्हणतात, तिथे तोच खेळ. एक्का असला की ओठांचा चंबू, राजा असला की नजर आढ्याला. हातात काहीच नसलं तर दोन्ही डोळे घट्ट मिटून घ्यायचे. अट एकच, दुसऱ्या जोडीला दिसता कामा नये.

बोट सोडून दोघं घरी आले ते पत्त्यांचा जोड घेऊनच. मग पडवीत रोज डाव. जुगार नको म्हणून हरणाऱ्याने नजमुद्दीनच्या वाडीतले नारळ सोलायचे. तिसरा भिडू कुणीतरी शेजारी, चौथा नजमुद्दीनचा चुलतभाऊ दाऊद. तो सारंग, म्हणजे बोटीवर खलाशी भरणारा माणूस, त्यामुळे गावात त्याला मान. नजमुद्दीनची बायको अमिरुन्निसा कुरकुरायची, "एवढं बापये झालाव, नि माकडासारकी तोंडां काय करताव?"

पुढे दाऊदनेच त्या वाडीवर हक्क सांगितला. नजमुद्दीनच्या बापाने हाताने लावलेले माड, आणि हा म्हणतो, ते आमच्या बापाने लावले. प्रकरण जमातीच्या पंचांपुढे गेलं. साक्षीदार एकच उरला होता, खाडीपलीकडचा भागोजी. माडांचे खड्डे त्यानेच खणले होते, आणि त्याचा शब्द दाऊदही मानत असे.

बैठकीच्या आदल्या दिवशी नजमुद्दीन आणि वहाब होडीने पलीकडे गेले, तर भागोजी खाटेवर. पहाटे झटका येऊन त्याची वाचा गेली होती. म्हातारा नुसता नजमुद्दीनचा हात धरून रडला.

परतताना वहाब म्हणाला, "कोनाला बोलू नको. भागोजी येतंय म्हनून ठोकून दे. दाऊद घाबरंल. मी हाय ना."

नजमुद्दीनला बरं वाटलं. बोटीवरच्या वादळांतही वहाब हेच म्हणायचा.

बैठकीत नजमुद्दीन छाती काढून म्हणाला, "भागोजीला आनतो. तो सांगंल ता मला कबूल." दाऊदचा चेहरा उतरला. तो दाढी खाजवत म्हणाला, "कशाला म्हाताऱ्याला तरास? वाडी तुजीच राहू दे, मला नुसती कडेची..." एवढं बोलून त्याने समोर पाहिलं. नजमुद्दीननेही सहज त्याच बाजूला पाहिलं. तिथे वहाब बसला होता. त्याने दोन्ही डोळे घट्ट मिटले होते.

क्षणभर नजमुद्दीनला वाटलं, डोळ्यांत काही गेलं असेल. वहाबने डोळे उघडले, आणि नजरानजर होताच मान खाली घातली.

दाऊद ताठ बसला. "आना भागोजीला," तो म्हणाला. "आताच होडी धाडा."

होडी गेली आणि भागोजीची वाचा गेल्याचं उत्तर घेऊन परत आली. वाडी दाऊदची झाली. आपण थाप मारली याची नजमुद्दीनला लाज वाटली, पण आतून जे जळत होतं ते वेगळंच होतं. नुसती वाडी गेली असती तर तो रडून मोकळा झाला असता. पण ज्याच्या तोंडाकडे पाहून उभा जन्म डाव टाकले, त्यानेच याच्या हातातले पत्ते दुसऱ्याला दाखवले होते. महिन्याभरात वहाबचा मुलगा दाऊदने बोटीवर लावला, तेव्हा कारणही कळलं.

त्यानंतर एका संध्याकाळी वहाब नेहमीसारखा पडवीत आला. "चल, बसायचा काय? आपली जोडी."

नजमुद्दीनने नाही म्हटलं नाही. शेजारचे दोघे बोलावले, पत्ते पिसले, वाटले. समोरून वहाब ओठांचा चंबू करत राहिला, तोंड वेडंवाकडं करत राहिला, शेवटी खोकलासुद्धा. नजमुद्दीनने पत्त्यांवरून नजर उचलली नाही. डाव हरला. मग कोयता घेऊन तो गुपचूप नारळ सोलायला बसला. ते नारळ त्या दिवशी बाजारातून आणलेले होते.