जगदेवची बंडी

मानोऱ्याच्या जगदेवबद्दल चांगलं बोलणारी माणसं अजूनही भेटतात. मला त्याची किळस येते आणि ती मी लपवत नाही. त्याच्या नि माझ्या घरात एकच भिंत होती, त्यामुळे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मोजणी खात्यातून पेन्शनीत निघाला तेव्हा तो घरभर सामान घेऊन आला. मोजणीची लोखंडी साखळी, पितळी होकायंत्र, मखमलीत ठेवलेली कंपासपेटी, लाकडी गुण्या, चिनी शाईच्या बाटल्या. शिवाय पेटीभर नकाशे, नोकरीत असताना त्याने स्वतः उतरवून घेतलेले. खळ देऊन काचेसारख्या केलेल्या तलम कापडावर इतक्या बारीक रेघा, की नकाशांचा नाद असलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. शाळेतले मास्तर यायचे तेव्हा हा गुळासारखा गोड व्हायचा. आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठून जातो ते पाहायला एखादा कास्तकार आला, की त्याला अंगणातच उभा करायचा. "हात लावू नोको, घाम लागते," म्हणायचा. जमिनीत राबणाऱ्याचा घाम याच्या नकाशाला चालत नव्हता.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात दौलतरावाने आपल्या शेताचं कुंपण सरकवलं आणि शेजारच्या बंजारा तांड्याची विहीर आत घेतली. तांड्याला दुसरी विहीर नव्हती. बायका नाल्यात झिरे खोदून वाटीवाटीने गढूळ पाणी भरू लागल्या. तांड्याचा रूपला कचेरीत गेला. तिथल्या नकाशाला वाळवी लागलेली. साहेब म्हणाले, "विहीर तांड्याच्या हद्दीत आहे असा जुना नकाशा आण, मी कुंपण काढायला लावतो."

तसा नकाशा एकच होता, जगदेवच्या पेटीत. तांड्याची मोजणी त्यानेच केली होती आणि तेव्हा साखळी ओढली होती रूपलाच्या बापाने.

रूपला सकाळीच आला. जगदेव ओट्यावर बसून होकायंत्र पुसत होता, मी शेजारी माझ्या ओट्यावर होतो.

"भाऊ, आमच्या तांड्याचा नकाशा पायजे. साहेबाले दाखवतो अन् आनून देतो."

जगदेवने पेटी उघडली, वरखाली केली. मग उगाच शाईच्या बाटल्या सरळ करत बसला. शेवटी त्याची बायको पंचफुला दारात आली.

"काहून शोधून राह्यले? तो नाई का तुमी मले चुलीवर उकळाले लावला?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ते कापड गरम पाण्यात टाकलं की खळ सुटते, खळीबरोबर शाई जाते आणि हाती मलमल उरते. त्या मलमलीची बंडी शिवून जगदेव तीच अंगात घालून बसला होता. काखेत घामाने पिवळी पडलेली.

"तोच काहून धुतला, भाऊ?" रूपलाने विचारलं. आवाजही चढवला नाही त्याने.

"अरे, बाकी नकाशात रेघाच रेघा. तुमच्या तांड्यात हाय काय? चार झोपड्या, एक इहीर. धुवाले सोपा." हे बोलताना त्या माणसाला लाज वाटली नाही. कापड वाया जाऊ दिलं नाही, याचंच त्याला कौतुक. माझ्या तोंडात थुंकी जमली, मी ओट्याखाली थुंकलो.

"फिकर करू नोको," जगदेव म्हणाला. "नवा काढून देतो. फुकट."

आणि त्याने खरंच काढला. उन्हात साखळी टाकली, होकायंत्र लावलं, दोन दिवस खपला. सरकवलेलं कुंपण जिथे होतं तिथेच त्याने हद्दीची रेघ ओढली. मी त्याला तोंडावर म्हटलं, "अरे, ते कुंपण चैत्रात सरकवलंय, सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

"जागेवर जे दिसते ते मी काढतो. खोटी रेघ माह्या हातून होत नाई," तो म्हणाला. दौलतरावाने त्याला छदामही दिला नव्हता. दिला असता तर निदान लाचखाऊ म्हणून तरी मला तो कळला असता.

रूपलाला अक्षरओळख नव्हती. नकाशा छातीशी धरून तो कचेरीत गेला. साहेबांनी पाहिला, कागदाला जोडला आणि विहीर दौलतरावाची ठरवली.

दुसऱ्या दिवशी रूपला परत आला. मला वाटलं, आता हा जगदेवची गचांडी धरणार, आणि मी मधे पडणार नव्हतो. पण त्याने फक्त विचारलं, "यात आमची इहीर कोनती, भाऊ?"

जगदेवने त्या नकाशाची स्वतःसाठी ठेवलेली नक्कल पसरली आणि निळ्या शाईच्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"हे पाह्य," तो खुशीत म्हणाला, "किती गोल आली!"