पाण्याची घंटा

राजाजीनगरच्या शाळेत मी नववीला जीवशास्त्र शिकवते. मुलं पाणी कमी पितात म्हणून दिवसातून तीनदा पाण्याची घंटा सुरू झाली. घंटा झाली की सगळ्यांनी प्यायचं आणि मी पहारा द्यायचा. मुली बाटली नुसतीच तोंडाला लावायच्या, पाणी काही कमी व्हायचं नाही. आठवड्याभरानं मी एकीला दरडावलं. ती कन्नडमध्ये शांतपणे म्हणाली, "मिस, टॉयलेटला कडी नाही. आम्ही घरी जाऊनच पितो."

कडी नाही हे मलाही ठाऊक होतं. आम्ही शिक्षिका तेच टॉयलेट वापरायचो, म्हणजे टाळायचो. स्टाफरूममध्ये माझी बाटली होती, सकाळी घरून आणलेली. कित्येक वर्षं मी ती भरलेलीच परत नेत होते.