मोहखिंडीची वाट आणि आईचा दगड

धुळवड आटोपली की बाबा दरवर्षी मोहखिंडीत जाऊन यायचे. तिथे दगडांचा मोठा ढीग आहे. पायथ्याच्या नाल्यातला एक दगड उचलायचा, स्वतः वर न्यायचा, ढिगावर ठेवायचा आणि घरच्यांना सुखरूप ठेव म्हणायचं, एवढाच रिवाज. गेल्या पावसाळ्यात बाबा वारले. यंदा आई म्हणाली, "त्याइच्या नावाचा दगड मी नेतो." तिचे गुडघे साधा जिना चढतानाही कुरकुरतात. मी नाही म्हणून पाहिलं, पण ती ऐकते कुठली!

यवतमाळहून पहाटेची एसटी धरून दिग्रस, स्टँडसमोर चहा-पोहे आणि पुढे रफिकभाईंचा ऑटो. थांबून परत आणायचे पाचशे घेतात. बाबांनाही तेच न्यायचे.

आता वाटेबद्दल, कारण या दिवसांत ती दिसते तितकी सोपी नाही. नाल्यापर्यंत बैलगाडीचा सपाट रस्ता आहे. नाला कोरडा, म्हणून पाणी घरूनच न्या. आईने तिथून मुठीएवढा काळा दगड निवडला आणि ओच्यात बांधला. पुढे सागाचं जंगल, पण साग पार उघडे झालेत, सावली शून्य. वाळक्या पानांचा थर घोट्यापर्यंत, खालचा खड्डा दिसत नाही. काठी पुढे टेकूनच पाय टाका. मधला पट्टा जळलेला आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. मला रागच आला. त्या काळ्या राखेवर पळस मात्र लालभडक फुलला होता. आई त्याच्याकडे न बघता चालत राहिली.

खरी परीक्षा शेवटच्या चढावर. पायाखाली ज्वारी सांडावी तसा मुरूम घरंगळतो. आई दोनदा घसरली, दुसऱ्यांदा तळहात सोलला. वर खिंड दिसत होती, ढीगही दिसत होता.

"आई, दे इकडे. मी ठेवून येते."

"नाही. तुह्या बाबानं कधी दुसऱ्याजवळ देल्ला का?"

ती तिथेच बसली. तेवढ्यात मोहफुलांच्या टोपल्या घेऊन दोघी बाया वरून उतरल्या. त्यातली वयस्क थांबली.

"काहून बसली माय?"

आईने सगळं सांगितलं. बाईने वर खिंडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग अठीच ठेव. खिंड पाहून राह्यली ना तुह्याकडं."

आईने वाटेच्या कडेला, एका पळसाच्या बुडाशी दगड ठेवला. हात जोडले. त्या बाईने टोपली उतरवली, शेजारचा एक दगड उचलून कपाळाला लावला आणि आईच्या दगडावर ठेवला.

आईचं मात्र समाधान झालं नाही. परतीच्या ऑटोत ती एकच वाक्य बोलली, "अर्ध्यातच सोडला मी त्याइले." पळसाखालच्या दगडाचं मीच रफिकभाईंना सांगितलं. त्यांनी आरशातून पाहिलं आणि ऑटो हळू केला. घरी आल्यावरही बरेच दिवस ती सोललेला तळहात बघत बसायची.

परवा संध्याकाळी रफिकभाईंचा फोन आला. सवाऱ्या घेऊन ते तिकडे गेले होते आणि या खेपेला स्वतःही वाट चढले होते. मी स्पीकर लावला.

"काकू, तुमच्या त्या पळसाखाली ढेर झाला ना! ज्याइच्यानं वर जाणं होत नाही, ते आता तठीच ठेवून राह्यले. म्हातारे लोकं, पोटुशी बाई, सगळे. मी बी एक ठेवला, काकाच्या नावानं."

"माहा खालीच हाय ना?" आईने विचारलं.

"हौ, काकू. सबसे खाली."

तुम्ही गेलात तर शेवटच्या चढावर डाव्या हाताला तो पळस लागेल. पाय साथ देत नसतील तर तिथेच थांबा, कमीपणा नाही. आईने फोन ठेवला, पदर तोंडाला लावला आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.