अर्धी भिंत

हॉलला ऑफ-व्हाइट द्यायचा, पण सायीसारखा, किंचित पिवळसर, हे बाबांनीच ठरवलं. निवृत्त होईपर्यंत ते इथल्या एका मोटारींच्या कारखान्यात रंग तपासायचे. दार आणि बॉनेटच्या छटेत केसाएवढा फरक दिसला तरी गाडी परत पाठवायचे. त्यामुळे आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये रंगाबद्दल दुसऱ्या कुणाचं मत विचारलंच जात नाही.

रविवारी संध्याकाळी मोठी भिंत अर्धी रंगवून पेंटर थांबला. उरलेली उद्या करतो म्हणाला आणि ब्रश धुवायला लागला. राहिलेला भाग नुसत्या प्रायमरचा होता, पांढराफटक. मधली रेघ मला स्वयंपाकघरातूनही दिसत होती. बाबा आतून आले आणि कमरेवर हात ठेवून भिंतीसमोर उभे राहिले.

"झकास! पूर्ण भिंत एकसारखी झालीय."

पेंटरलाही त्यांनी तेच तमिळमध्ये सांगितलं.

"सार माझी चेष्टा करतायत," तो हसत मला म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्यानं मान खाली घातली आणि धुतलेलाच ब्रश पुन्हा धुतला.

शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. "हो बाबा, छान झालीय," मी म्हणाले.

गेले काही महिने मी बघत होते. बाबा पेपर बाल्कनीत उन्हात नेऊन वाचत होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय चाचपत होते. सिग्नलला पुढची गाडी हलल्याशिवाय स्कूटर हलवत नव्हते. वय झालं, असं म्हणून मी प्रत्येक गोष्ट सोडून दिली होती. त्याच स्कूटरवर आई रोज सकाळी त्यांच्यामागे बसते. अड्यारच्या शाळेत ती शिकवते.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी बाहेर आले तर बाबा भिंतीवरून तळहात फिरवत होते. रंगवलेला भाग गुळगुळीत, प्रायमर खडूसारखा. रेघेवर त्यांचा हात थांबला. मागे गेला, पुन्हा तिथेच येऊन थांबला.

"काल ही अशीच होती?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"हो."

"आणि तू छान म्हणालीस."



"अहो, चला!" आई हेल्मेट घालतच बाहेर आली. "आज असेंब्ली माझ्याकडे आहे. भिंतीचे लाड संध्याकाळी करा."

बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढली.

"आई, आज रिक्षानं जा," मी म्हणाले.

"का गं? स्कूटरला काय झालं?"

मला वाटलं, आता बाबा बोलतील. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला. बोलायच्या वेळी गप्प बसण्यात आम्ही दोघं सारखेच.

मी आईला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. "इथं अर्ध्यावर रंग संपतो. बाबांना ते दिसत नाही. काल लाइट लावूनसुद्धा दिसलं नाही."

"काहीतरीच," आई हसून म्हणाली. मग ती बाबांकडे वळली. त्यांनी नाही म्हटलं नाही.

तिनं हेल्मेटचा पट्टा सोडला.

"कधीपासून?"

 किल्ली अजून बाबांच्या मुठीतच होती.