रात्री दहानंतरचा मेसेज

मंडळी, आज सकाळी आमच्या मोशीच्या सोसायटीच्या ग्रुपमधून शिंदेंना काढलं. कारण काय, तर रात्री दहानंतर मेसेज टाकायचा नाही, हा नियम त्यांनी मोडला.

शिंदे चाकणला कंपनीत आहेत. काल सेकंड शिफ्ट करून आले, तर टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहत होतं. त्यांनी ग्रुपवर कळवलं, म्हणून मोटर बंद झाली.

मी ॲडमिनना फोन केला. म्हणाले, "राव, नियम सगळ्यांना सारखा."

दुपारी त्यांनीच ग्रुपवर नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर टाकला. शुभेच्छांनी फोन वाजत राहिला. थर्ड शिफ्टवाले तेव्हा झोपलेले असतात. पण नियम लिहिणारे रात्री झोपतात ना.

तुमच्या ग्रुपचे नियम कुणाची झोप बघून केलेत?