बिनस्प्रिंगची तीनचाकी

ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा धूर नाकात गेला की दिंडोरीची ती द्राक्षबाग आठवते. बाबा आणि मी तिथं मजुरीला होतो. मालकाकडे मोटारसायकलसारखं हँडल आणि फुगीर टायर असलेल्या, शेतात चालणाऱ्या दोन जुन्या तीनचाकी गाड्या होत्या. त्यातल्या नव्या मॉडेलला स्प्रिंगा होत्या, ब्रेकही नीट लागायचे. ती पाहुण्यांना फिरवायला. आधीच्या मॉडेलला स्प्रिंगाच नव्हत्या, खड्ड्यात ती चेंडूसारखी उडायची. ती बाबांना फवारणीचे डबे वाहायला. एकदा उतारावर ती उलटली आणि बाबांचा पाय खाली चेपला. मालक धावत आला. “टाकी फुटली का रे?” त्यानं विचारलं. “नाय मालक, गाडीला काय नाय झालं,” बाबा कण्हत म्हणाले. मालकाला मी तिथंच वाटेल ते बोलले. बाबांवरचा राग मात्र आजही गिळतेय.